दोन बोटांचा घास

भैयाजी महाराज जिवंत होते, आणि त्यांचा आवाज दर एकादशीला मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून गावभर फिरत होता. माणूस घरात आणि आवाज बाहेर, अशी उलटी गत. एरवी माणूस जातो आणि मागे त्याचं काहीबाही रेंगाळतं. अंगणात कुणी खाकरल्याचा भास होतो, बाजेची दोरी करकरते. इथं ज्याचा आवाज तोच माणूस मागच्या खोलीत ज्वारीच्या कोठीला टेकून बसलेला असे, आणि भोंग्यातला आवाज दारावरून जायला लागला की दुपट्टा कानावरून घट्ट गुंडाळून घेई.

गाव अल्लीपूरच्या पलीकडचं, काळ्या जमिनीतलं. त्या पंचक्रोशीत काल्याचं कीर्तन म्हटलं की भैयाजी महाराज. होते साधे शेतकरी, पण नारदाच्या गादीवर उभे राहिले की अंगात दुसराच माणूस येई. आवाज कसा, तर खोल विहिरीत घागर बुडताना घुमतो तसा. बाया डोळ्यांना पदर लावता लावता हसायच्या आणि हसता हसता रडायच्या. काल्यासाठी त्यांनी स्वतः जुळवलेलं एक पद होतं:

घास तुझ्या हाती, मुख माझे उघडे ।
गोपाळा, आता उशीर कोणीकडे ॥

हे पद उठलं की मृदंगावर कवडूची थाप अशी पडायची की देवळातली कबुतरं शिखर सोडून जायची. भैयाजी आणि कवडू लहानपणापासूनचे जोडीदार. तंबाखूची डबी दोघांत एकच. कवडूनं मळायची, अर्धी चिमूट त्याच्या गालात, अर्धी महाराजांच्या. "देवाचं नाव जिभेवर अन् देवाचा परसाद गालात," असं म्हणून दोघं हसायचे.

त्या गालानंच घात केला. आधी आत पांढरा चट्टा आला, मग तिखट झोंबायला लागलं. चुन्यानं पोळलं असेल म्हणून पंचफुलाबाईनं, म्हणजे महाराजांच्या बायकोनं, तूप लावलं. मग तोंड उघडेना. तशाच तोंडानं महाराजांनी त्र्याऐंशी सालच्या माघातल्या सप्ताहाचा काला केला, आणि देवळाच्या पंचांतल्या मधुकररावांनी नवा घेतलेला टेप समोर ठेवून तो सगळा भरून घेतला. त्यानंतर महाराज नागपूरला गेले. डॉक्टरांनी डावा जबडा काढला, जिभेचा काठ काढला, आणि पडलेलं खिंडार बुजवायला छातीवरचं कातडं मांसासकट वळवून तोंडात शिवलं. मग किरणांचा शेक दिला. गाठ गेली.

"वाचले महाराज," गाव म्हणालं, आणि मारुतीला नारळ फुटले.

वाचले, खरंच वाचले. पण वाचल्यावर माणूस दिवसभर काय करतो, हे कुणी विचारलं नाही. तोंडातली लाळ आटली होती, आणि जी थोडी उरली ती ओठाच्या सुन्न कोपऱ्यातून त्यांना कळायच्या आत ओघळायची. भाकरी ताकात कुस्करून दिली तरी मातीसारखी लागायची. पाणी पिताना नाकातून यायचं. शेकानं बाकीचे झडले तरी छातीवरचे दोन-चार चिवट केस तोंडातल्या त्या कातड्यावर उगवायचेच. गिळताना ते जिभेला लागले की महाराजांना वाटायचं, आपल्या तोंडात दुसरंच कुणी राहायला आलंय. त्यांनी आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. जेवायचे ते कोठीच्या आड, पाठ करून. पंचफुलासुद्धा समोर चालत नसे. आणि बोलायचे ते फक्त तिलाच कळायचं. शब्दांतली हाडं काढून घ्यावीत आणि नुसतं मऊ मऊ उरावं, तसं त्यांचं बोलणं झालं होतं.

कवडूचं घर गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला. महाराज नागपूरहून आले त्या दिवसापासून तो त्यांच्या उंबऱ्याशी आला नव्हता. दुरून दिसला तर मान खाली घालून आडव्या वाटेनं जाई.

"जन्माचा जोडीदार म्हने," पंचफुला भांडी आपटायची. "डबी संगं खाल्ली, दुखनं मात्र तुमचं एकट्याचं. त्याले म्हना, निदान मृदंगाले तरी भेटाले ये. खुटीवर धूळ खाऊन राह्यला."

मृदंग खरंच महाराजांच्या घरी होता. कधी सणावारी भजन असलं तर कवडू तो दुसऱ्या कुणाला पाठवून न्यायचा.

आणि एकादशीला भोंगा वाजायचा. गावाला वाटायचं, महाराजांचा मान होतोय. पंचफुला त्या वेळी अंगण झाडत असली तर तिचा झाडू थांबायचा. तिचाही दोष नव्हता. एक नवरा भोंग्यात होता, हसवणारा, भरल्या गळ्याचा. एक मागच्या खोलीत होता, आणि तो पहिला ऐकू येऊ नये म्हणून कान झाकत होता. पोट्टे म्हणायचे, महाराजाचा आवाज देवळामागच्या वडावर राह्यते, एकादशीलेच उतरते. महाराजांनी हे ऐकलं होतं, आणि त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं. कधीकधी भोंगा बंद असतानाही त्यांना तो ऐकू यायचा. जात्याच्या घरघरीत, रहाटाच्या करकरीत, आपला गळा कुठंतरी आपल्यावाचून मजेत गातोय.

वर्ष फिरलं. पुन्हा माघ आला, मंडप उभारला, वीणा उभी राहिली. काल्याच्या आदल्या दिवशी मधुकरराव घरी आले. धोतराचा सोगा सावरत ओसरीवर टेकले.

"महाराज, काल्याले दुसरा बुवा पाह्यला जी. पन गाव आयकत नाई. म्हनते, काला तं भैयाजी महाराजाचाच. तं टेप लावतो म्हनलं. गादीवर ठिवतो, हार घालतो, बुक्का लावतो. तुमची परवानगी पायजे."

पंचफुला दारातून म्हणाली, "मंग एक फोटोही टांगा न जी भिंतीले. तेवढंच राह्यलं."

"अवं वहिनी, तसं नाई..."

"मंग कसं? अन् घास? टेपाले हार घालान तुमी, टेपाले घास कोन भरवन?"

 त्या गावची रीतच तशी होती. काला आपल्या हातानं खायचा नसतो. हंडी फुटली की कीर्तनकारानं पहिला घास मृदंग्याच्या मुखात घालायचा, मृदंग्यानं परत कीर्तनकाराला भरवायचा, मग सगळ्या मंडपात ज्यानं त्यानं शेजाऱ्याला. पाटील असो की मजूर, त्या दिवशी प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. आपला घास आपण घेतला तर तो काला नाही, नुसतं दही-लाह्या.

महाराजांनी मान डोलावली. लावा म्हणून. मधुकरराव सुटल्यासारखे गेले.

संध्याकाळी पंचफुला कोठीजवळ येऊन बसली. "आयकता का जी? उद्या तुमी या. गाऊ नका. नुसते या, बसा. मी दरसाल तुमच्या हातचा घास घेतला. लगीन झालं तवापासून. मांगच्या सालीही घेतला, तुमचं तोंड धड उघडत नवतं तरी."

महाराजांनी हातानंच सांगितलं: सगळ्यांसमोर खायचं, हे तोंड घेऊन? नाही.

"मंग मीही घेनार नाई," ती म्हणाली. "कोनाच्याच हातचा. यंदाही नाई अन् कधीच नाई. पाह्यजो मंग."

ती आदळआपट न करता उठून गेली, म्हणून महाराजांना जास्त लागलं.

काल्याच्या सकाळी गाव देवळाकडे लोटलं. पंचफुला लाह्यांचं टोपलं घेऊन गेली. जाताना मागं पाहिलं नाही. गल्ली रिकामी झाली, आणि मग भोंगा खरखरला. त्या दिवशी वीज नव्हती. भोंगा मोठ्या बॅटरीवर होता, आणि टेपात सेल घातले होते. टेपासमोर माईक धरला होता, म्हणून टाळांचा आवाज, मुलांचं रडणं, मधुकररावांचं "बसा जी, बसा" सगळंच घरापर्यंत येत होतं.

मग तो आला. तो म्हणजे आवाज. रामकृष्णहरीच्या गजरानं त्यानं मंडप ताब्यात घेतला. महाराज दुपट्टा कानांवर ओढणार होते, पण हात उठला नाही. वर्षाखालचा भैयाजी हसला, मंडप हसला. त्यानं गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, पेंद्याचं आंबट ताक देवाला पाजलं, बाया हुंदके द्यायला लागल्या. महाराजांना प्रत्येक शब्द आधीच ठाऊक होता. हेही ठाऊक होतं की पुढं एका ठिकाणी तो आवाज थांबतो, गाल आतून जळतो, आणि कवडू ते सावरायला मृदंगाची एक तिहाई मारतो. भोंग्यात ती जागा आली. तिहाई वाजली. टेपातल्या मृदंगाच्या जोडीला आज मंडपातला कवडूही वाजवत होता. एकाच माणसाचे चार हात ऐकू येत होते.

"घास तुझ्या हाती..." आवाजानं पद उचललं.

आणि तो जड झाला. सेल उतरत चालले होते. आवाज लांबला, सुजला, खाली खाली बसत गेला. अक्षरं एकमेकांत मिसळली. "मु...उ...ख..." असं काहीतरी भोंग्यातून ओघळलं. महाराज सरळ होऊन बसले. हाच तो आवाज. काल संध्याकाळी याच आवाजात त्यांनी पाणी मागितलं होतं.

"अबे, हा तं महाराजाचा आताचा आवाज हाये!" माईकजवळ कुणीतरी बोललं ते भोंग्यातून गावभर झालं. कुणी हसलं. मग कुणीच हसलं नाही. टेप एकदा कण्हला आणि बंद पडला. मृदंग थांबला, टाळ थांबले.

इतके दिवस महाराज त्या आवाजाला भ्याले होते, कारण जिवंत तो होता, हे नव्हते. आज सगळ्या गावासमोर तोही त्यांच्यासारखा झाला, आणि लोक त्याला हसले. महाराजांना त्याची दया आली. भरगर्दीत कुणी पडावा आणि त्याला उचलायला घरचं माणूस धावावं, तसे ते उठले. पायांत वहाणा न घालता निघाले.

मंडपाच्या तोंडाशी आधी मुलांनी पाहिलं. मग बाया सरकल्या, वाट झाली. महाराजांनी कुणाकडे पाहिलं नाही. गादीवर हार घातलेला टेप होता. त्यांनी त्याच्यावरचा बुक्का बोटानं घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला, टेप उचलून देवाच्या पायरीवर ठेवला आणि गादीवर उभे राहिले. दुपट्टा तोंडावरून खाली घेतला. मागच्या बाजूला एक तान्हं रडायला लागलं.

त्यांनी पद उचललं, जिथं पडलं होतं तिथून.

मंडपात कुणाला एक अक्षर कळलं नाही. घागर आता फुटलेली होती, पण विहीर तीच होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, त्यांनी ती पुसली आणि दुसऱ्यांदा उचललं. कवडू खाली मान घालून मृदंगावर हात ठेवून बसला होता. हात हलत नव्हते. तेव्हा बायांच्या बाजूनं पंचफुलानं धरलं, मोडक्या, कधी चारचौघांत न काढलेल्या आवाजात: "मुख माझे उघडे." शब्द सगळ्या गावाला पाठ होतेच. टाळ आले. शेवटी कवडूची थापही आली, पण भीत भीत, जशी कुणी बंद दारावर मारावी.

हंडी फुटली. महाराजांनी ओंजळीतून दही-लाह्यांचा घास उचलला आणि रीतीप्रमाणे कवडूसमोर आले.

"नको भैया," कवडू म्हणाला. "दुसऱ्याले दे."

मंडपात कुजबुज झाली. म्हातारी शकुबाई मोठ्यानंच म्हणाली, "किळस आली वाटते लेकाले! जनम गेला याचा संगं खान्यात, अन् आता पाहा."

महाराजांचा हात हवेत राहिला. दही मनगटावरून कोपरापर्यंत आलं. ज्या गोष्टीला भिऊन ते वर्षभर कोठीआड बसले होते तीच ही. ते मागं फिरणार होते. पण वर्षभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, खोलीच्या खिडकीतून लोकांची तोंडंच पाहिली होती: कोण कसा चावतो, कोण कसा हसतो. आणि कवडू "नको" म्हणाला तेव्हा त्याचे दात एकमेकांपासून सुटले नव्हते.

महाराज खाली बसले आणि घास त्याच्या ओठांशी नेला. कवडूनं डोळे मिटले. ओठ उघडले, दात जेमतेम. लाह्या दातांबाहेर अडकल्या, दही हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. महाराजांनी हात पुसला आणि आपली बोटं उभी करून त्याच्या दातांमध्ये घातली. नागपूरला डॉक्टरांनी त्यांच्याही तोंडात अशीच घातली होती. तीन जायला पाहिजेत म्हणाले होते. कवडूच्या तोंडात दोन कशीबशी गेली. तिसरं बाहेर राहिलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मले ठाव हाये," कवडू बोलला. दातांतूनच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू नागपूरहून आला तवापासून ठाव हाये. शकुबाई, किळस नाई वं. भैया, तू खिडकीत तोंड झाकून बसत होता, अन् मले वाटे त्या दुपट्ट्याखाली माह्यंच तोंड हाये. म्हून मी आडव्या वाटेनं जात होतो." त्यानं मृदंगाची कड धरली. "मराचं भेव नाई वाटत मले. हे असं जगन्याचं वाटते."

असं तोंडावर कुणी कुणाला म्हणत नाही.   मग महाराजांनी जे सांगितलं ते फक्त पंचफुलाला कळलं. ती पदर खोचून पुढं आली.

"म्हनतेत, येड्या, मंग तं मले पाहालेच यायचं होतं. उद्याच्या पह्यल्या गाडीनं नागपूरले चाल. मी सोबत येतो." ती थांबली. "अन् म्हनतेत, चट्टा होता तवा मी तूप लावत बसलो, तू नको लावू."

"आनि आता?" कवडू म्हणाला.

आता काय, ते महाराजांनी बोलून सांगितलं नाही. रीत राहिली होती. त्यांनी मान थोडी वर केली आणि तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.  कवडूनं लाह्या वेचून काढल्या, नुसतं दही आणि थोडे भिजलेले पोहे घेतले, लहान पोराला द्यावा तेवढा घास, आणि उजव्या बाजूनं, जिकडे जबडा उरला होता, आत ठेवला.

काल्याचा घास गिळायला एवढा वेळ त्या मंडपात कुणाला लागला नसेल. थोडं ओघळलं. थोडं नाकात गेलं, महाराज खोकले. पंचफुलानं पाणी दिलं, त्यांनी मान कलती केली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा गिळलं. सगळं गाव पाहत होतं, आणि कुणी नजर काढली नाही. कारण सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही आणि काला अर्धा सोडता येत नाही.

"चव आली का जी?" पंचफुलानं हळूच विचारलं.

महाराजांनी नाही म्हणून मान हलवली. मग ओंजळीतला उरलेला घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. अल्लीपूरहून सुटली तेव्हा थंडी होती आणि गाडीत माणसं थोडी. खिडकीशी कवडू, मधे महाराज, पलीकडे पंचफुला, मांडीवर ताकाची बरणी. कवडू समोरच्या सीटच्या दांड्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होता. ती कालच्याच पदाची लय होती, फक्त फार सावकाश. मागं गावाच्या दिशेनं भोंगा ऐकू येतोय असं महाराजांना वाटलं. त्यांनी कान दिला. एंजिनाचा आवाज होता, किंवा तोही नव्हता.

"भैया," कवडू बाहेर पाहत म्हणाला. "आतून कसं दिसते रे ते?"

पंचफुलानं नवऱ्याकडे पाहिलं. तिलाही त्यांनी कधी दाखवलं नव्हतं.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. महाराजांनी दुपट्टा मांडीवर ठेवला, कवडूकडे वळले, मान मागं केली आणि बोटानं ओठ बाजूला धरून तोंड उघडलं. छातीचं कातडं, शिवणीची रेघ, दोन काळे केस, जिथं दात होते ती रिकामी जागा. कवडूची बोटं दांड्यावर थांबली. तो पुढं वाकला. गाडी फाट्यावर थांबली, दोघं-तिघं चढले, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. कवडू पाहतच राहिला, आणि महाराजांनी तोंड मिटलं नाही.